नाव झाका आणि मानपत्र वाचा

एका स्वयंसेवी संस्थेच्या कार्यकर्त्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या भागात चांगलं काम करणाऱ्या तीन-चार जणांचा आम्ही दरवर्षी जाहीर सन्मान करतो. दोन कार्यक्रम झाले. 'ठरावीक लोकांनाच मिळतो' अशी कुजबुज सुरू झाली आहे आणि निवड समितीत दोन तट पडले आहेत. मागच्या वर्षी तर एका सत्कारमूर्तींनी कार्यक्रम संपल्यावर विचारलं, 'मी नेमकं काय करते, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का?' पुढच्या कार्यक्रमाला पाच महिने आहेत. निवड कशी करावी, सोहळा कसा असावा, आणि मुळात हे सगळं करण्यात काही अर्थ आहे का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. अर्थ आहे, आणि पुष्कळ आहे. गेली बावीस वर्षं मी अशा निवड समित्यांवर काम करते आहे. एकटीने, कोणाच्या खिजगणतीत नसताना दहा-दहा वर्षं काम रेटणारी माणसं थकतात ती कामाने नव्हे. आपण करतो ते कोणाला दिसतं तरी का, या शंकेने थकतात. त्यांच्या कामाची कोणी नीट दखल घेतली की ती शंका काही काळ तरी मिटते. जर्मन विकिपीडियावर नव्याने लिहू लागलेल्या स्वयंसेवकांवर याना गालूस या संशोधिकेने एक प्रयोग केला होता, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही नवलेखकांना केवळ नावापुरता, पैशांचा संबंध नसलेला सन्मान दिला गेला. ज्यांना तो मिळाला, त्यांचं पुढच्या महिन्यात टिकून राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त होतं. पडद्यावरच्या एका चिन्हाने एवढं होत असेल, तर ज्यांच्यात वावरतो त्या माणसांनी समोर उभं राहून आपल्या कामाबद्दल चार खरी वाक्यं बोलण्याने काय होत असेल, याचा विचार करा.

'खरी वाक्यं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. तुमच्या सत्कारमूर्तींनी विचारलेला प्रश्न तुम्हाला टोचला असेल, पण तुमच्या दुखण्यावरचं औषध त्याच प्रश्नात आहे. तुमच्याकडे आधी नाव ठरतं आणि मग कोणीतरी घाईघाईने मानपत्र लिहितं. हा क्रम उलटा करा. आधी मानपत्र लिहा, नाव झाकून समितीत वाचा, आणि त्यावरून निवड करा.

मी हे कसं करते ते सांगते. समितीपुढे येणारी प्रत्येक शिफारस एका पानाच्या मानपत्राच्या रूपात आली पाहिजे, असा नियम करायचा. त्या पानात विशेषणं चालत नाहीत. 'तळागाळातल्यांचा आधारवड', 'अहोरात्र झटणारं व्यक्तिमत्त्व', 'सेवेचा वसा घेतलेले' ही वाक्यं कोणाच्याही नावापुढे चिकटवता येतात, म्हणून ती कोणाचीच नसतात. पानावर क्रियापदं हवीत. या व्यक्तीने काय केलं, केव्हापासून, कोणासाठी, त्याआधी परिस्थिती काय होती, आता काय आहे, आणि हे कोणी डोळ्यांनी पाहिलं. 'वस्तीतल्या ज्या वृद्धांना घरी कोणी नाही, त्यांना नऊ वर्षं दर आठवड्याला दवाखान्यात नेऊन आणतात. त्यांच्या औषधांची वही स्वतः ठेवतात. स्वतः आजारी पडल्या तेव्हा हे काम थांबू नये म्हणून दोन तरुणांना तयार केलं.' यात एकही गौरवाचा शब्द नाही, तरी ऐकणाऱ्याची मान आपोआप लवते. नाव झाकलेलं असलं की समितीतले तट निम्मे तिथेच विरघळतात, कारण कोणाचा माणूस कोणता हे कळत नाही. ओळख पटतेच कधीकधी, भाग लहान असला तर पटणारच. तरीही चर्चा माणसावरून कामावर येते, आणि तेवढंच आपल्याला हवं असतं.

पण अशी पानं येणार कुठून? सगळ्यात जास्त मेहनत इथेच करायची आहे.

अर्ज मागवले की अर्ज भरता येणारेच पुढे येतात. ज्यांच्याकडे कात्रणांची फाइल आहे, फोटो आहेत, आधीच्या दोन पुरस्कारांची प्रमाणपत्रं आहेत, त्यांचा अर्ज भरभक्कम दिसतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानक्षेत्राबद्दल लिहिताना या प्रवृत्तीला 'मॅथ्यू परिणाम' असं नाव दिलं: ज्याचं नाव आधीच झालेलं आहे, त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडत जातं. स्थानिक पुरस्कारांत हे फार लवकर घडतं. चार वर्षांत तीच आठ नावं सगळ्या व्यासपीठांवर फिरताना दिसतात. 'ठरावीक लोकांनाच मिळतो' ही कुजबुज सहसा पक्षपातामुळे सुरू होत नाही. समिती बसल्या जागेवरून शोध घेते, म्हणून सुरू होते.

म्हणून अर्ज जरूर मागवा, पण त्यावर विसंबू नका. दोन-दोन जणांच्या जोड्या करा आणि भागात फिरा. कोणालाही 'इथे चांगला समाजसेवक कोण?' असं विचारू नका, कारण लोक लगेच पदाधिकाऱ्याचं नाव सांगतात. 'रात्री-अपरात्री अडचण आली तर तुम्ही कोणाचं दार वाजवता?' असं विचारा. परिचारिकांना विचारा, शाळेतल्या शिक्षिकांना, सफाई कामगारांना, टपाल वाटणाऱ्यांना, पहारेकऱ्यांना. ही माणसं घरोघर जातात किंवा रात्री जागी असतात, त्यामुळे कोण कुठे धावतं हे त्यांना दिसतं. तीन-चार ठिकाणी एकच नाव आलं की तिथे थांबा. माझ्या अनुभवात अशा शोधातून येणारी बरीच नावं बायकांची असतात. एरवी त्यांचं काम नवऱ्याच्या किंवा मंडळाच्या नावावर, नाहीतर 'घरातलंच' म्हणून खपून जातं. आणि अशी व्यक्ती सापडल्यावर ती पहिल्यांदा हमखास म्हणते, 'मी काही विशेष करत नाही.' तेव्हा वही मिटू नका. 'काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा' म्हणा, आणि ऐकत बसा.

सामान्य माणसांची अशी नोंद व्हावी ही ओढ जुनी आहे. लंडनमध्ये पोस्टमन्स पार्क नावाच्या छोट्या बागेत चित्रकार जी. एफ. वॉट्स यांच्या आग्रहातून १९०० मध्ये एक स्मारक उभं राहिलं. दुसऱ्यांचे जीव वाचवताना मेलेल्या साध्यासुध्या माणसांची नावं तिथे मातीच्या भाजक्या फरशांवर लिहिली आहेत. कोण, कधी, कोणाला वाचवताना गेलं, एवढंच. मानपत्र कसं असावं, असं मला कोणी विचारलं की मी त्या फरशांचं उदाहरण देते.

आता पडताळणी. याबाबतीत हयगय नको, कारण चुकीच्या माणसाचा सन्मान झाला की त्याची किंमत पुढच्या सगळ्या योग्य माणसांना मोजावी लागते. जगात दोन संस्थांची पद्धत मला अनुकरणीय वाटते. जेरुसलेममधली याद वाशेम ही संस्था ज्यू नरसंहाराच्या काळात जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यू माणसांचा सन्मान करते. त्यासाठी १९६३ पासून एक आयोग काम करतो, ज्याचं अध्यक्षपद सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशाकडे असत आलं आहे. तिथे मुख्य आधार असतो तो वाचलेल्या माणसाच्या साक्षीचा आणि कागदपत्रांचा, आणि मदतीच्या बदल्यात पैशांची अट घातली होती का हेही तपासतात. एवढ्या काटेकोरपणे तपासूनही २८ हजारांहून जास्त लोकांचा सन्मान झाला आहे. दुसरी संस्था अमेरिकेतला कार्नेगी हीरो फंड. जानेवारी १९०४ मध्ये हारविकच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. अडकलेल्यांना काढायला आत उतरलेले दोघे स्वतःच मेले. त्यानंतर काही महिन्यांतच अँड्र्यू कार्नेगी यांनी हा निधी उभारला. तिथेही प्रत्येक घटनेची चौकशी झाल्याशिवाय पदक देत नाहीत. आपलं काम एवढं मोठं नाही, पण मूळ तत्त्व आपल्यालाही लागू आहे: साक्ष द्यायची ती ज्याच्यासाठी काम झालं त्याने.

म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? ज्यांची शिफारस आली आहे त्यांच्या गैरहजेरीत किमान तीन लाभार्थ्यांना भेटायचं. त्यांच्या हाताखाली राबणाऱ्या दोघांना भेटायचं. आणि त्यांच्याशी मतभेद असलेल्या एकाला तरी भेटायचं. शेवटच्या भेटीत बरंच काही कळतं. विरोध करणाराही 'स्वभाव तापट आहे, पण काम खरं आहे' असं म्हणाला, तर तुमचं मानपत्र पक्कं झालं असं समजा.

राबणाऱ्यांना भेटणं मी एकदा टाळलं होतं, त्याची खंत अजून आहे. एका आश्रयगृहाच्या संचालकांचा आम्ही सन्मान केला. तिथली मुलं आनंदात होती, इमारत स्वच्छ होती, हिशेब चोख होते. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तिथे स्वयंपाक करणाऱ्या एक बाई मला भेटायला आल्या. सहा महिने पगार नव्हता, आणि विचारलं की 'सेवेचं काम आहे' असं उत्तर मिळत होतं. त्यांनी मला दोष दिला नाही. 'तुम्ही आला होतात तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते,' एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून कुठेही गेले की आधी स्वयंपाकघरात जाते.

समिती कशी असावी, याबद्दल थोडक्यात. पाच किंवा सात माणसं पुरेत. संस्थेचे पदाधिकारी त्यात अल्पसंख्य असावेत. आधीचे एक सत्कारमूर्ती हवेत, कारण त्यांना दुसऱ्याच्या कामातलं खरं-खोटं लगेच कळतं. ज्यांच्यासाठी ही कामं होतात, त्यांच्यातलं एक माणूस हवं. सदस्य दोन वर्षांनी बदलावेत. शिफारस आलेल्या व्यक्तीशी नातं, व्यवहार किंवा वैर असेल तर ते आधी लिहून द्यायचं आणि त्या चर्चेपुरतं बाहेर जायचं. हे बाहेर जाणं इतिवृत्तात नोंदवा. खर्चाला पैसे देणाऱ्यांचे मनापासून आभार माना, पण निवडीत त्यांना मत नको. हे पैसे घेण्यापूर्वीच सांगायचं, नंतर सांगितलं की भांडण होतं. आणि जो निवडणुकीला उभा राहणार आहे किंवा नुकताच राहिला आहे, त्याची शिफारस त्या वर्षी बाजूला ठेवायची, काम कितीही चांगलं असो. त्याच्यावर थोडा अन्याय होतो, मान्य आहे. पण सन्मानाचा प्रचारासाठी वापर झाला, तर तुमच्या व्यासपीठावरचा विश्वासच उडतो.

एक व्यक्ती की गट, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. बदल एकट्याने क्वचितच होतो. २००६ चं नोबेल शांतता पारितोषिक बांगलादेशातले मुहम्मद युनूस आणि गरिबांना छोटी कर्जं देण्यासाठी त्यांनी स्थापन केलेली ग्रामीण बँक यांना मिळून दिलं गेलं. माझ्या मते माणूस आणि त्याने उभी केलेली व्यवस्था यांना वेगळं काढणं चुकीचं ठरलं असतं. मी प्रत्येक निवडलेल्या व्यक्तीला एक प्रश्न विचारते: 'तुमच्याबरोबर व्यासपीठावर आणखी कोण असायला हवं?' खरा नेता क्षणाचाही विलंब न लावता चार नावं सांगतो. ती चारही नावं मानपत्रात घाला आणि त्या माणसांना पहिल्या रांगेत बसवा. ज्याला एकही नाव सुचत नाही, त्याच्या कामाची मी पुन्हा एकदा चौकशी करते.

आता एक नाजूक बाब, जी उत्साहाच्या भरात राहून जाते. सन्मान जाहीर करण्यापूर्वी त्या व्यक्तीची संमती घ्या. अवैध उपसा, व्यसनांचा धंदा, घरगुती हिंसा, जमिनीचे वाद अशा प्रश्नांत काम करणाऱ्यांना प्रकाशझोत नको असू शकतो. होंडुरासच्या बेर्टा कासेरेस यांना २०१५ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला आणि मार्च २०१६ मध्ये त्यांच्या घरात शिरून त्यांची हत्या झाली. मेक्सिकोतले जंगलरक्षक इसिद्रो बाल्देनेग्रो लोपेस हे २००५ चे गोल्डमन विजेते; जानेवारी २०१७ मध्ये त्यांनाही मारण्यात आलं. जगभर नाव झालं, तरी ते नाव त्यांची ढाल झालं नाही. म्हणून विचारा: 'तुमचं नाव झाल्याने तुमच्या कामाला किंवा घरच्यांना त्रास होईल का?' होय म्हणाले तर जाहीर सोहळा नको. त्यांच्या घरी जाऊन मानपत्र वाचून दाखवा आणि लागेल ती मदत गुपचूप पोहोचवा. काही जण नम्रतेने नकारच देतात. तो नकार आढेवेढे न घेता स्वीकारा, गळ घालू नका. आणि ज्यांना मदत मिळाली त्या माणसांचे, विशेषतः मुलांचे, फोटो पडद्यावर दाखवू नका. आपली गरिबी किंवा आजार भर सभेत दिसावा, असं कोणालाही वाटत नाही.

सोहळ्याबद्दल माझे आग्रह थोडे आहेत. मानपत्र पाहुण्यांनी वाचू नये. ज्याच्या आयुष्यात त्या कामाने फरक पडला, त्याने वाचावं. वाचता येत नसेल तर स्वतःच्या शब्दांत सांगावं, अडखळलं तरी चालेल. सत्कारमूर्तींना बोलायला पाहुण्यांपेक्षा जास्त वेळ द्या. त्यांचं भाषण शेवटी ठेवू नका, तेव्हा लोक उठू लागलेले असतात. घरच्यांना जाण्यायेण्याची सोय करून बोलवा. दोन तासांत सगळं आटपा. सजावट, छापील पत्रिका, फलक यांबद्दल माझं फारसं म्हणणं नाही. जमेल तसं करा.

काय द्यायचं, यावर मात्र विचार हवा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ही मुलं आवडीने चित्रं काढायची. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, आणि काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या काही दिवसांत पहिल्या गटातल्या मुलांनी चित्रं काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवला. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र कमी झाली नाही. मुलांवरचा प्रयोग मोठ्यांना जसाच्या तसा लावू नये, हे खरं. तरी मला त्यातून एक धडा मिळाला: लोकांना पुरस्कारासाठी स्पर्धेत उतरवायचं नाही. गुणांची यादी जाहीर करायची नाही, अंतिम दहा नावं छापायची नाहीत, लोकांची मतं मागवून चढाओढ लावायची नाही. सन्मान अनपेक्षितपणे दारात यावा.

आणि जे द्याल ते कामाला उपयोगी पडणारं द्या. स्मृतिचिन्ह हवं तर लहान असू दे. निवड झाल्यावर विचारा, 'तुमचं काम सध्या कुठे अडलं आहे?' उत्तरं ऐकून मी अनेकदा थक्क झाले आहे. एकाला हिशेब लिहिणारं कोणी हवं होतं. एकीला संध्याकाळी दोन तास एक खोली हवी होती. एकांना एका अधिकाऱ्याची फक्त वीस मिनिटांची भेट हवी होती, जी तीन वर्षं मिळत नव्हती. यातलं काहीच महाग नव्हतं. रोख रक्कम देणार असाल तर ती बिनशर्त द्या, आणि ती स्वतःसाठी वापरली तरी चालेल असं स्पष्ट सांगा. कार्नेगी निधी केवळ पदक देत नाही, जखमी झालेल्यांना आणि मेलेल्यांच्या कुटुंबांना आर्थिक आधारही देतो. दुसऱ्यांसाठी धावणाऱ्याच्या घरातली चूल कशी पेटते, हे पाहणं सन्मान करणाऱ्यांचंही काम आहे.

सोहळ्यानंतरच्या वर्षासाठी प्रत्येक सत्कारमूर्तीमागे तुमचा एक कार्यकर्ता नेमा. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी जाऊन भेटायचं, अडलेलं काम सुटलं का ते पाहायचं. तुमच्या भागातले निर्णय जिथे होतात त्या बैठकांना त्यांना बरोबर न्यायचं. बदल घडवणाऱ्या माणसाला टाळ्यांपेक्षा ऐकून घेणारे कान जास्त लागतात.

सन्मान कोणी करावा, यावर आपल्याच इतिहासातलं एक उदाहरण मला नेहमी बळ देतं. जोतीराव फुले यांचा त्यांच्या शैक्षणिक कामाबद्दल १८५२ मध्ये सरकारने पुण्यात जाहीर सत्कार केला होता. त्यानंतर ३६ वर्षांनी, ११ मे १८८८ रोजी मुंबईतल्या सभेत लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं. आज त्यांच्या नावाआधी ओठांवर येतो तो लोकांनी दिलेला शब्द. तुमची संस्था लहान आहे, तुमच्याकडे मोठं पद किंवा मोठी रक्कम नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. जिथे काम झालं तिथल्या माणसांनी दिलेला मान वेगळ्याच वजनाचा असतो.

दोन गोष्टी नियमावलीत लिहून ठेवा. एखाद्या वर्षी कसोटीला उतरणारं पान आलं नाही, तर सन्मान न देण्याची मुभा असावी; संख्या भरण्यासाठी नाव घालायचं नाही. आणि दिलेला सन्मान नंतर गंभीर गोष्टी सिद्ध झाल्यास कसा परत घ्यायचा, हेही आधीच ठरलेलं असावं. तसं पत्र लिहिण्याची वेळ बहुधा येणार नाही. पण आली, तर नियम नसताना घेतलेला निर्णय सूड वाटतो.

पाच महिने पुरेसे आहेत. पहिला दीड महिना फक्त फिरा आणि ऐका, त्या काळात समितीची निवड-बैठक घेऊच नका. पुढचा दीड महिना पडताळणीला आणि मानपत्रं लिहायला. चौथ्या महिन्यात नावं झाकून वाचन, निवड आणि संमती. शेवटचा महिना सोहळ्याच्या तयारीला आणि अडलेल्या कामांची सोय लावायला.

पण हे सगळं सुरू करण्यापूर्वी, याच आठवड्यात, मागच्या वर्षीच्या त्या सत्कारमूर्तींना भेटा. 'आम्हाला तुमचं काम नीट माहीत नव्हतं, ते समजून घ्यायला आलो आहोत' असं सांगा. एक दिवस त्यांच्याबरोबर घालवा आणि त्यांचं मानपत्र नव्याने लिहा. यंदाच्या कार्यक्रमाची सुरुवात ते वाचून करा. त्या तयार असतील तर त्यांना निवड समितीतही घ्या. त्यांनी विचारला तो प्रश्न यापुढे प्रत्येक पानाला विचारणारं कोणीतरी तुम्हाला हवंच आहे.